बाईला आणायला निघालेली भोपळ्यांची बाज

वर्धा नदीचा पूर म्हणजे काय, हे अमरावतीच्या वकिलांना सांगून उपयोग नाही. त्यांनी पाणी पाहिलं ते वडाळीच्या तलावातलं, गायीसारखं बसलेलं. आमच्या मोर्शीकडे नदी आधी आवाज पाठवते आणि मग स्वतः येते. मी एका पुरात अख्खं निंबाचं झाड उभंच्या उभं वाहत जाताना पाहिलं आहे. त्याच्या फांदीवर कावळा होता, आणि उडून जायचं असतं हे तो भीतीनं विसरला होता. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्याला विचारा.

पण सांगायचं आहे ते बाईचं. बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला दिलं होतं नदीपलीकडे. सरकारनं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून टाकलं होतं, पण ते नदीला कोणी कळवलं नव्हतं; पावसाळ्यात ती दोन्ही मुलूख वेगळेच धरायची. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या महालक्ष्म्या आल्या. आमच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा लेकीच्या हातून उंबरठा ओलांडतात, आणि आईला लेक ही एवढीच. बाईच्या सासरी महालक्ष्म्या बसत नव्हत्या, तेव्हा अडण्यासारखं काही नव्हतं. सासूनं एकच अट घातली होती, 'भाऊ न्यायले आला तं धाडीन. एकटी नाही धाडणार.' मी येतो म्हणून निरोप गेला, आणि नेमकी त्याच आठवड्यात नदी फुगली.

नाव चालवणाऱ्या ढिवरांनी आपले डोंगे वर ओढून पालथे घातले. आगगाडीनं जायचं म्हटलं तर आधी अमरावती, मग बडनेरा, मग पुलगाव, आणि तिथून पुन्हा उलटं वर. तोवर महालक्ष्म्या जेवून उठून गेल्या असत्या. आई पितळी मुखवटे चिंचेनं घासत बसली होती. घासून घासून ते आधीच लख्ख झाले होते, तरी तिचा हात थांबेना.

तेव्हा माझे धाकटे काका म्हणाले, "आपन माळी. आपल्याले डोंगा कायले पाहिजे? आपली नाव तं मांडवावर पिकते."

यात थाप नाही. आमच्याकडे पोट्टं पोहायला शिकतं ते कमरेला वाळका भोपळा बांधून. असेच भोपळे बाजेखाली बांधले की दोन माणसं आरामात पार होतात. काकांनी अशा कितीतरी खेपा केल्या होत्या. बाज थोडी बुडालेली पाहिजे, म्हणजे पाणी तिला धरतं आणि ती वल्ह्याचं ऐकते, एवढंच त्यांचं शास्त्र.

पण गोष्ट आळीत पसरली. सगळा माळीवाडा भोपळे घेऊन आमच्या दारात आला. शेजारची म्हातारी म्हणाली, "माहा एक बांध बाप्पा. बाईनं माह्या पायाले तेल लावलं हाय." तिचा घेतला, तर मागचा उठला, "तिचा चालते अन् माहा नाही? माहा काय कडू हाय?" काका म्हणत होते, पुरे झाले. पण नाही कोणाला म्हणायचं? ज्याचा परत करावा त्याची बाईवरची माया परत केल्यासारखं होत होतं. शेवटी बाजेखाली भोपळे, बाजूला भोपळे, पायाशी भोपळे. आमची बाज दिसत होती ती शुक्रवारच्या बाजाराला निघाल्यासारखी.

नेहमीच्या घाटापासून बरंच वर जाऊन आम्ही ती पाण्यात सोडली. धार तिरपी कापत उतरायचं आणि पलीकडच्या घाटाला लागायचं, असा बेत. बाज पाण्याला लागली आणि काकांचं तोंड उतरलं. ती बुडेचना. पाण्यावर अशी उभी राहिली की जणू ओलं होण्याची तिला किळस येत होती. वल्हं पाण्याला जेमतेम टेकत होतं.

"लेका," काका म्हणाले, "मायेनं मारलं आपल्याले."

पुढचं मी आजवर अनेक तऱ्हांनी सांगितलं आहे. भोवरा लागला, त्यात मोर्शीचा अख्खा बाजार दुकानांसकट बसला असता. लाटा अशा, की वर चढलो की गाविलगडचा डोंगर दिसे आणि खाली गेलो की नदीचा तळ, आणि तळावरचा मासा आम्हाला पाहून बाजूला सरके. एका खडकावरून आम्ही उडालो, तेव्हा खालून एक म्हैस वाहत गेली. काका ओरडत होते, "डावीकडं, डावीकडं," आणि मी डावीकडं मारत होतो ते नुसत्या वाऱ्यात.

धारेनंच मग आम्हाला पलीकडच्या काठाजवळ नेलं. घाटावर बाई उभी होती. नवं लुगडं, हातात गाठोडं. मागे दगडावर तिची सासू, डोक्यावर घोंगडं. बाईनं आम्हाला पाहिलं आणि ती गुडघाभर पाण्यात आली. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मोकळा हात पुढे केला.

"भाऊ, हात दे."

मी बाजेवर पालथा पडून हात लांबवला. काकांनी माझे पाय धरले. आमच्या दोघांच्या हातांमध्ये एका माणसाएवढं पाणी राहिलं. वल्हं टेकलं असतं तर ते अंतर काहीच नव्हतं.

"माय कशी हाय?" ती काठानं धावत म्हणाली.

"बरी हाय. वाट पाहून राहिली."

"मंग थांब ना रे."

तिला वाटलं, मीच थांबत नाही आहे. मी काहीतरी ओरडलो, ते पाण्यानं खाल्लं. पुढे नाला आडवा आला, तिथे ती थांबली. गाठोडं अजून डोक्यावरच होतं.

आम्हाला नदीनं पुन्हा ओढून आमच्याच काठाला, दोन कोस खाली, कोणाच्या तरी ज्वारीत टाकलं. त्या संध्याकाळी शेजारच्या मुलीनं महालक्ष्म्या आत आणल्या. आईनं तिची ओटी भरली.

पाणी उतरल्यावर मी डोंग्यानं पलीकडे गेलो. सण नाही तर नाही, चार दिवस माहेरी आणू म्हटलं. सासू सुपात ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ येऊन गेला ना. साऱ्या गावानं पायला. आता अजून किती डाव येते?"

मला वाटलं, चेष्टा करते. मी हसलो सुद्धा. ती चेष्टा नव्हती; बाईला तिनं धाडलं नाही. बाई दाराआड उभी होती, ती बाहेर आली नाही.

पुढल्या वर्षी बाईला मुलगा झाला. नातू झाला तर घरात महालक्ष्म्या बसवीन, असा नवस सासूनं केला होता. त्या बसल्या, आणि तेव्हापासून त्यांना उंबरठ्यातून आत आणणं हे बाईचं काम झालं. दिवाळीला ती यायची, कधी आंब्याच्या रसाळीला यायची. महालक्ष्म्यांना कधीच नाही. आई दर वर्षी कोणाची तरी लेक उसनी आणायची. ती मुलगी लग्न होऊन गेली की दुसरी. मुखवटे मात्र कोणाला घासू द्यायची नाही. आई गेली त्या वर्षी आमच्याकडच्या महालक्ष्म्या बसल्याच नाहीत.

आता मी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बाईकडेच जातो. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं ती स्वतः वाढते. जेवण झालं की तिची पोरं मला घेरतात, "मामा, भोपळ्याची गोष्ट." मी सुरू करतो. कडू भोपळ्यापाशी बाई हसते, म्हशीपाशी पोरांहून जास्त हसते. मग बाज पलीकडच्या काठाला यायला लागते, तशी ती उठते. "तुमी आयका," म्हणते, "मले दूध तापवाचं हाय."

ती आत गेली की घाट मी गाळूनच टाकतो. पोरं विचारतात, मग पुढं काय झालं? मी बाज तशीच पुढे सोडतो आणि त्यांना पार पुलगावच्या पुलाखालून नेतो, वरून आगगाडी जात असताना.