नाल घेणाऱ्याचा हात

पलूसच्या लालासाहेबाचा पत्त्यांचा अड्डा उसाच्या रानामागं पत्र्याच्या शेडात चालायचा. मालक स्वतः पत्त्याला शिवायचा नाही. प्रत्येक डावातून नाल तेवढी काढायची, म्हणजे अड्ड्याचा वाटा; मग कुणी जिंको नाहीतर मरो. पण लबाडी सापडली की माणूस फोडून काढायचा. एकाचा जबडा त्यानं काठीनं मोडला होता. आणि सख्खा मेहुणा हरिबा पत्त्यांवर नखानं खुणा करताना सापडला, तेव्हा भर अड्ड्यात अडकित्त्यानं त्याच्या करंगळीचं पेर तोडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अड्ड्यावर ही गर्दी! बायकोच्या भावालाही सोडलं नाही, असा सरळ माणूस, म्हणून लोक कौतुक करायचे. त्याच्या बायकोनं, रंगुबाईनंही असल्या चोर भावाला भाऊबीजेला ओवाळणं बंद केलं.

पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला, अड्डा ओस पडला आणि नाल खाणारा लालासाहेब स्वतःच फोनवर पोकर खेळायला बसला. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. हरत गेला तसा त्याचा हात बायकोवर उठू लागला. शेवटी दोन्ही दुभत्या म्हशी त्यानं विकायला काढल्या. रंगुबाई आडवी आली, तर मेल्यानं तिला गोठ्यातल्या खुंट्यावर ढकललं. कपाळ फुटलं, पदर रक्तानं भिजला, पण म्हशींची दावी तिनं सोडली नाहीत.

ते ऐकून हरिबा कित्येक वर्षांनी बहिणीच्या दारात आला.

"दाजी, म्हशी इकू नगा. ती पोकरवाली कंपनी आपलीच मानसं खेळाडू म्हनून बसवती टेबलावर."

"खुळा का काय तू? दर डावाला नाल मिळती त्यास्नी. लबाडी करून गिऱ्हाईक कशाला घालवत्याल?" लालासाहेबाला हे अगदी मनापासून पटलं होतं. त्यानं फोन मेहुण्याच्या नाकासमोर धरला. "हे वाच, कंपनीनं धाडलंय. लबाड खेळाडू पकडला, त्येचं खातं बंद क्येलं. माझ्यागत सरळ हायती ती."

हरिबानं तुटकी करंगळी फोनशेजारी धरली.

"व्हय, तुमच्यागतच. नाल पुरंना झाली तवा मला टेबलावर कुनी बसवलं, दाजी? खुना कर, जिंकलेलं निम्मं माझं, आसं कोन म्हनलं हुतं? गिऱ्हाइकांनी बोंब मारली तवा बोट माझं ग्येलं आन नाव तुमचं झालं. अक्काचा संसार म्हनून गप बसलो."

लालासाहेबाचा ठोसा त्याच्या तोंडावर बसला. हरिबाचा दात उंबऱ्यावर पडला.

नवरा आता तरी 'खोटं हाय' म्हणेल म्हणून रंगुबाई थांबली. त्यानं पुन्हा फोन उघडला. तिनं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला.

"हरिबा, धर ह्यास्नी."

हरिबानं मागून मिठी घातली. तिनं नवऱ्याचा हात चौकटीवर दाबला, फोन खाली पडला. लालासाहेब पहिल्यांदाच विनवू लागला, "रंगू, आगं, माझं ऐक." सुपारीच्या जागी त्याचा अंगठा होता.