लवंगेचा वास आणि नागनाथमामा

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये प्रत्येक बाटलीवर तारीख असते. किश्श्यांवर मात्र कुणी तारीख घालत नाही, म्हणून ते साठतच जातात, आणि एकही खराब होत नाही! लॅब म्हणजे धाराशिवच्या एका कॉलेजातली लांबट खोली. माणसं तीन. गाइड मॅडम, पीएचडी करणारी मी आणि अटेंडंट नागनाथमामा. लवंग, ओवा, गवती चहा यांच्या तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब पाण्यात मिसळायचे आणि त्यानं जंतू मरतात का, खवा जास्त दिवस टिकतो का ते बघायचं, हे आमचं काम. या मिश्रणाला आम्ही नॅनोइमल्शन म्हणतो. मामा ‘पाणी’ म्हणतात.

*

एकदा पाहुणे आले आणि मॅडम नेमक्या मीटिंगमध्ये. मामांनी मशीनवर हात ठेवला आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली.

"तेल आन् पाणी म्हंजी भाऊबंद. एका भांड्यात नांदत न्हाईत. हे मशीन तेलाचे इतके बारीक तुकडे करतंय, की बांध कुठं घालावा तेच कळंना!"

"आणि पुन्हा वेगळे झाले तर?" पाहुण्यांनी विचारलं.

"म्हणून तर साबणासारखं एक औषध घालतो आमी. त्यो पंच!"

मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना त्याही असंच शिकवतात.

*

भूमच्या एका खवेवाल्याला आम्ही लवंगेचं इमल्शन घातलेला खवा दाखवायला बोलावलं. बुरशीचं नाव नव्हतं, आमचं नाचायचंच बाकी होतं. त्यानं चिमूटभर तोंडात टाकला, डोळे मिटले, विचार केला.

"मॅडम, टिकलाय झकास. पण ह्याचा पेढा खाऊन गिऱ्हाईक मला विचारंल, दाढ कुणाची काढली?"

दुसऱ्या दिवसापासून लवंग कमी, गवती चहा जास्त.

*

मी येरमाळ्याची, एसटीनं येऊन-जाऊन करते. एकदा घरी जाताना पिशवीत गवती चहाच्या तेलाची बाटली कलंडली. येडशी येईपर्यंत सगळी गाडी दरवळली. "थर्मास कुणाचा फुटला?" कंडक्टर ओरडला. मी मान खाली घातली. शेजारच्या आजी मात्र खूश!

"पोरी, आठ दिसाची सर्दी मोकळी झाली गं. उद्या बी ह्याच गाडीला ये."

लॅबमध्ये हे सांगितल्यावर मॅडम पोट धरून हसल्या. मामाही हसले. मॅडम बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "ताई, लई वास येतो व्हय त्याचा?"

रोज त्याच बाटल्या धुणारा माणूस!

"करोनात गेलं नाक. तवापासून काईच न्हाय. मॅडमला बोलू नका. जंतूच्या लॅबमंदी बिननाकाचा माणूस कशाला ठिवतील?"

तेव्हापासून रोज सकाळी मामा एक बाटली उघडून नाकाशी धरायचे. मी भुवया उडवून विचारायचे. ते नाही म्हणून मान हलवायचे आणि टोपण लावायचे. मला फार वाईट वाटायचं, पण मीही रोज विचारायचे.

*

जंतू वाढवायचं कपाट, म्हणजे इनक्युबेटर, उघडलं की घाण वास येतो. मॅडम नाकाला पदर लावतात हे मामा बघायचे. वास त्यांना कळत नव्हता, मॅडमचा त्रास कळत होता. एका संध्याकाळी उरलेलं लवंगेचं पाणी त्यांनी वाटीत ओतलं, वाटी कपाटात ठेवली आणि घरी गेले.

सकाळी जंतू पेरलेल्या सगळ्या काचेच्या प्लेटा कोऱ्या. इमल्शन घातलेल्या कोऱ्या, आणि न घातलेल्याही कोऱ्या! तुलनाच करता येईना, कित्येक दिवसांची मेहनत वाया. वाटी सापडली तेव्हा मामा रडकुंडीला आले.

"जरा बरा वास यावा म्हणून ठिवली, मॅडम. एवढी उग्र आसंल आसं वाटलं न्हाय."

"तुम्हाला वास आला नाही, मामा?"

मामा वाटीकडे बघत राहिले, मी मामांकडे. मॅडमनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि काय ते समजल्या.

"नुसत्या वाफेनं जंतू मेलेत," त्या म्हणाल्या. "हाच प्रयोग आता नीट करू. वाटी तुम्हीच ठेवायची."

नाकाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. अशी बाई गाइड म्हणून मिळायला नशीब लागतं.

*

आमच्या प्रयोगाला खवा मामांच्या घरचाच. एकदा तो आणायला मी गेले. मामांच्या बायको, काकू, चुलीवर दूध आटवत होत्या, मामा बाहेर ओसरीवर बसलेले. पूर्वी कढई कधी उतरवायची ते मामा तिथूनच वासावर सांगायचे, असं मी ऐकलं होतं.

काकूंनी कढई उतरवून खाली ठेवली. पदरानं घाम पुसला. मग मोठ्यानं विचारलं, "आवो, उतरवू का?"

मामांनी मान जरा वर केली. "उतरव."

काकूंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

*

आणि ही परवाची गोष्ट. मॅडम आणि मी खिडकीशी बाटल्या भरत होतो. मामा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, बेसिनवर भांडी घासत होते.

"ताई, गवती चहाचं टोपण ढिलं ऱ्हायलंय बगा."

"हो मामा," म्हणत मी टोपण आवळायला घेतलं. आवळता आवळता हात थांबला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. तिकडे मामांचे हातही नळाखाली तसेच थांबले होते.

मामांनी नळ बंद केला, हात शर्टाला पुसले आणि घरी फोन लावला.

"अगं, ऐक. आज म्या येईस्तोर कढई चढवू नगंस."