बरणीला कुणी हात लावला?

शिरूरच्या शाळेच्या फाटकाशी अब्बासभाई उभे दिसले, तेव्हाच मला शंका आली. दौंडचा माणूस कामाच्या दिवशी एस.टी.ची धूळ अंगावर घेऊन, टोपी हातात धरून उभा राहतो, तो काही सहज म्हणून नव्हे. मी वर्ग सोडून बाहेर आले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "सूनबाई, भाभी गेल्या. पहाटं. लई तरास न्हाई झाला." मग सदऱ्याच्या खिशातून एक किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही तुमच्याच हातात द्याया सांगितली व्हती. लेकाच्या न्हाई. आन् म्हनाल्या, तिला म्हनावं, बरण्यांना कुणी हात लावला न्हाई. यिऊन बघून घे."

त्यांच्या भाभी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणत आले. दौंडला पोचेपर्यंत त्यांचा हा निरोप घरभर झाला होता. जमलेल्या बायका पदराआड एकमेकींना म्हणत होत्या, "मरताना सुदिक जीव बरण्यांतच व्हता म्हातारीचा! सुनंवरचा सौंशय काय गेला न्हाई." मी त्यांच्यातून वाट काढत आत गेले. मुठीतली किल्ली मात्र सोडली नाही.

आत्याबाईंचा स्वभाव संशयी होता, हे त्या गेल्या म्हणून लपवण्यात अर्थ नाही. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून त्या थेंब नखावर धरत आणि तो ओघळायला किती वेळ घेतो ते बघत. दौंड स्टेशनच्या घड्याळावरही त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळ मानूस लावतो, तो डुलकी घेतो," म्हणत. इंजिनांच्या शेडचा भोंगा झाला की मगच त्यांच्या लेखी वेळ झाली. माझे सासरे त्याच शेडमध्ये फिटर होते. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ते वारले होते. रेल्वेचा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. त्यातून सासऱ्यांनी चार काचेच्या बरण्या आणल्या होत्या. जाड काच, आणि वर पत्र्याचं फिरकीचं झाकण. लोणचं, गूळ, मेतकूट आणि खारका अशा त्या चार बरण्या भिंतीतल्या फडताळात कुलपाआड असत, आणि फडताळाची किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला.

माझे वडील शिरूरच्या बाजारात घोंगड्या विकत. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. आमच्या कुळात मॅट्रिक झालेली मी पहिलीच, तीही मुलगी. आत्याबाईंना त्याचंच भय. "शिकल्याली हाय, म्हंजी गंडवायाचं बी शिकल्याली आसंल," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सरळ तोंडावर सांगितलं. स्वयंपाकाला काही लागलं की त्या बरणी काढून माझ्यापुढे ठेवत. "उघड हितं. माझ्या म्होरं." मी उघडायची, हवं तेवढं काढायची, पुन्हा गच्च लावायची. मिठानं पत्रा गंजलेला, गुळाचा पाक झाकणाच्या आट्यांत वाळलेला, त्यामुळे जोर लावावा लागे. त्या डोळे बारीक करून माझ्या हातांकडे बघत बसत. मला वाटे, आत किती राहिलं ते बघतायत.

पण त्याच संशयानं मला पदवीधर केलं, हेही इथं लिहायलाच हवं. मी दौंडच्या प्राथमिक शाळेत लागले तेव्हा नात्यातली माणसं कुजबुजू लागली, सून शाळेच्या नावाखाली कुठं जाते कुणास ठाऊक. आत्याबाई एक दिवस उठल्या आणि थेट शाळेत आल्या. वर्गाच्या पायरीवर पदर सावरून दुपारपर्यंत बसून राहिल्या. संध्याकाळी घरी जाहीर केलं, "म्या बघून आले. शिकवतीच हाय." झालं! ज्या बाईचा स्टेशनच्या घड्याळावर विश्वास नाही तिनं साक्ष दिल्यावर कोण बोलणार? पुढे मी बाहेरून बी.ए.ला बसले, तेव्हा पुण्याच्या गाडीत त्या माझ्याबरोबर. पेपर सुटेपर्यंत कॉलेजच्या कट्ट्यावर बसून असत. "काय गं, समदं लिवलंस का बसून ऱ्हायलीस?" असा जबाब घेतल्याशिवाय डब्यातली भाकरी पुढे सरकवत नसत. असं कट्ट्यावर बसून माझी वाट बघणारं दुसरं कुणी मला मिळालं नसतं.

एकदा मात्र माझा तोल गेला. शाळेतून दमून आले होते, पोळ्या लाटायच्या होत्या, आणि पुन्हा तेच, "उघड हितं. माझ्या म्होरं." मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्यावर एवढा संशय आहे तर तुमच्या बरण्या तुम्हीच उघडत जा." त्यांनी बरणी आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "बरं. किल्ली माझी, बरण्या माझ्या. म्याच काढून दीन." तेव्हापासून लागेल ते त्या वाटीत काढून देऊ लागल्या. बरण्या परत ठेवायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं. मी आपली पहिल्यासारखी झाकणं गच्च पिळून ठेवायची, मुंग्या लागू नयेत म्हणून.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि संशय घ्यायची पाळी माझ्यावर आली. दुपारी गल्ली निजली की आत्याबाई पदराखाली काहीतरी धरून मागच्या दारानं बाहेर पडत. एकदा पदर सरकला आणि काच चमकली. बरणी! माझी नणंद जवळच्या राहू गावात दिली होती. मला वाटलं, कुणाच्या तरी हाती तिकडे खारका-गूळ चालला आहे, आणि कमी पडलं की आळ माझ्यावर येणार. एका दुपारी मी मागून गेले. त्या गेल्या त्या सरळ अब्बासभाईंच्या घरात. अब्बासभाई सासऱ्यांच्या बरोबरीचे फिटर, नोकरीतून मोकळे झालेले. मी कुडाआड उभी राहिले. लोणच्याच्या बरणीला आमच्या घरात अंघोळीशिवाय हात लावायची मुभा नव्हती. तीच बरणी अब्बासभाई दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते. हातात ब्रेकच्या जुन्या नळीचा रबराचा तुकडा. तो झाकणाभोवती गुंडाळून त्यांनी पिळा दिला... आणि झाकण कुरकुरत सुटलं.

"भाभी, कुणी लावतंय एवढं गच्च? राक्षस हाय का घरात?"

"सून हाय."

अब्बासभाईंच्या घरातल्या, आमच्या चाची, आतून हसल्या. अब्बासभाई म्हणाले, "मग तिलाच सांगा की. आमी काय जलमभर पुरनार हाय?"

"सांगू?" आत्याबाईंनी आपले दोन्ही हात पुढे धरले. बोटं जुळत नव्हती, मूठ अर्धीच मिटत होती. "आज झाकन सांगीन, उद्या ती किल्ली मागंल. म्या न्हाई मागितली व्हय माझ्या सासूला? हातातनं तुपाचं भांडं निसाटलं तिच्या, त्याच दिशी कनवटीची किल्ली काढून घेतली म्या. मरंस्तवर वसरीवर बसून लोनच्याची फोड मागून खाल्ली तिनं. आन् म्या दिली बी... मोजून."

मी पाय न वाजवता परत फिरले. "उघड हितं, माझ्या म्होरं," हे इतके दिवस मी संशय म्हणून ऐकत होते. आणि मीच रागावून त्यांच्यासाठी बरणी उघडणारे माझे हात काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी बरण्या ठेवताना मी आटे पुसले, गोडेतेलाचं बोट फिरवलं आणि झाकणं अर्ध्या आट्यावर सोडून दिली. मला वाटलं, प्रश्न मिटला. दुपारी आत्याबाईंनी फडताळ उघडलं आणि घर डोक्यावर घेतलं. "बरनीला कुनी हात लावला? झाकन ढिलं हाय!" आमचे हे त्या दिवशी घरीच होते. ते माझ्याकडे बघू लागले. खरं कारण सांगावं तर आत्याबाईंचे हात त्यांच्या मुलापुढे उघडे पडत होते. मी म्हटलं, "मीच. खारीक खाल्ली."

"किती?"

"दोन."

आत्याबाईंचा हात कनवटीला गेला. किल्ली तिथंच होती, रात्रंदिवस तिथंच असायची. ती काढल्याशिवाय फडताळ उघडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बराच वेळ त्यांनी मला निरखलं. मग नुसतं "बरं" म्हणून आत गेल्या. ह्यांनी मला हळूच विचारलं, "खारीक हवी होती तर मागायची नाहीस?" नवऱ्यापुढे मी चोर ठरले ती ठरलेच.

त्यानंतर शाळेला निघताना रोज अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला ताकीद मिळू लागली. "आज गुळाच्या बरनीला हात लावशील, बग! माझं ध्यान हाय." आणि नेमकी गुळाचीच बरणी परत ठेवायला माझ्यापुढे यायची. मी आटे पुसून अर्ध्या आट्यावर झाकण टेकवायची. शेजारणी हळहळत, एवढी शिकलेली सून आणि काय हा जाच! आत्याबाई दुपारी चाचींकडे जातच राहिल्या, पण आता रिकाम्या हातानं. त्यांना कळलं होतं का? आमच्यात त्यावर कधी एक शब्दही झाला नाही. मीही किल्ली कधी मागितली नाही.

पुढे माझी बदली शिरूरला झाली, हे आणि आत्याबाई दौंडलाच राहिले, आणि दौंडला जाणं सुट्टीपुरतं उरलं. शेवटच्या भेटीत आत्याबाई चहाची बशी दोन्ही तळव्यांत धरून पीत होत्या. किल्ली कनवटीलाच होती. निघताना मी पाया पडले, तर म्हणाल्या, "बरण्या लावून जा. तुझ्या हातानं." एवढंच... आणि पाठ फिरवून बसल्या.

तेरावं झाल्यावर मी फडताळ उघडलं. चारही झाकणं मी ठेवली होती तशीच, अर्ध्या आट्यावर. तेलावर धुळीची बारीक रेघ बसली होती. खारका फारशा कमी झाल्या नव्हत्या, लोणच्याला खार सुटला होता. आणि अब्बासभाईंच्या हातात पाहिलेला तो रबराचा तुकडा, त्यांच्याकडून कधी आणून लपवला होता कुणास ठाऊक, बरण्यांच्या पुढे, समोरच ठेवलेला. शेवटी शेवटी टेकवलेलं झाकण उचलायलाही त्यांची बोटं वळत नसतील का? की मी यायची वाट बघत त्यांनी ती तशीच राखली? माझ्यावर विश्वास होता म्हणून किल्ली माझ्याकडे आली, की बाकीच्यांवर त्याहून कमी होता म्हणून... आत्याबाईंच्या बाबतीत खात्रीनं काही सांगता यायचं नाही.

मी बरण्या पुसल्या, झाकणं होती तशी टेकवली. मागून हे म्हणाले, "घट्ट लाव की, मुंग्या लागतील."

लागतात. शिरूरच्या माझ्या खोलीत गुळाची बरणी आहे, तिच्याभोवती रोज सकाळी मुंग्यांची रांग असते. मी ती पुसून काढते, आट्यांवरून तेलाचं बोट फिरवते, आणि झाकण पुन्हा अर्ध्या आट्यावर ठेवते.