मोठ्या बाई आणि पाकिटातले मटार

काचेच्या कारखान्यात साहेब पुष्कळ होते, पण जेवणाच्या सुट्टीत राज्य चालायचं ते मोठ्या बाईंचं. भट्टीवरून घामाघूम होऊन आलेली माणसं कॅन्टीनमध्ये रांग लावायची आणि बाई हातात डाव घेऊन पातेल्यामागे उभ्या असायच्या. कोणी ‘भाजी नको’ म्हणालं की त्याच्या ताटात दुप्पट भाजी पडायची. त्यावर वाद नसायचा. नवीन आलेला एखादा तोंड वाकडं करायचा, मग शेजारचा त्याला कोपर मारून म्हणायचा, “खा मुकाट्यानं. नाहीतर त्या तुझ्या आईकडे तक्रार करतील.”

बाईंच्या स्वयंपाकघरात पाकिटाला आणि डब्याला मज्जाव होता. सगळं ताजं, निवडलेलं, समोर चिरलेलं. एकदा एका नव्या मॅनेजरने चिरलेला कांदा पिशवीतून मागवू या, वेळ वाचेल, असं सुचवून पाहिलं. बाईंनी सुरी खाली न ठेवताच विचारलं, “तुमच्या भट्टीवर येऊन मी काच फुगवू का?” त्यानंतर तो विषय परत निघाला नाही.

घरीही तीच शिस्त. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागच्या आवाराकडे उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्याखाली ओळीने टांगलेल्या सुऱ्या. त्या सुऱ्यांना नवऱ्यानेही कधी हात लावला नाही. तो गेल्यावर आणि मुलगा जहाजावर इंजिनियर म्हणून लागल्यावर घरात खाणारं तोंड एकच उरलं, पण बाईंनी एकटीसाठीसुद्धा तीन भाज्या चिरल्या.

या सगळ्याच्या अगदी उलट म्हणजे त्यांची नणंद. टेलिफोनच्या कचेरीत पाळ्यांची नोकरी, नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली. तिचं स्वयंपाकघर म्हणजे एक कात्री, एक चाळणी आणि भिंतीला लावून रचलेले डबे. बाई एकदा तिच्याकडे गेल्या तेव्हा त्यांनी न विचारता कपाट उघडलं आणि मुलींच्या देखतच म्हणाल्या, “वन्सं, हे घर आहे का गोदाम? पोरींच्या पोटाचे किती हाल करताय!” नणंद वाद घालणारी नव्हती. “चहा घ्या, वहिनी,” एवढंच म्हणाली. पण त्या चहानंतर जेवायला काही बोलावलं नाही. येणं-जाणं राहिलं ते लग्नकार्यापुरतं.

बाई निवृत्त झाल्या आणि काही काळाने त्यांच्या बोटांनी संप पुकारला. आधी सकाळी मुठी वळेनात. मग सांधे सुजले, लाल झाले, आणि दरवाज्याची कडी फिरवतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या. बाईंनी गोळ्या घेतल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही.

एका दुपारी त्यांनी लाल भोपळा चिरायला घेतला. सुरी अर्ध्यात रुतली आणि ना पुढे जाईना ना मागे. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा बोटांतून अशी कळ गेली की त्या खाली फरशीवरच बसल्या. भोपळा सुरीसकट ओट्यावर तसाच राहिला. संध्याकाळी त्यांनी पाव चहात बुडवून खाल्ला. दुसऱ्या दिवशीही पाव आणि चहा. मग पावाची जागा बिस्किटांनी घेतली, कारण पाव कापावा लागतो आणि बिस्कीट कापावं लागत नाही.

पण मोठ्या बाईंच्या घरातून फोडणीचा वास येत नाही, असं जिन्यावर कोणी म्हटलं तर? तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. रोज जेवणाच्या वेळी कढईत चमचाभर तेल तापवायचं, त्यात लसणाची एक पाकळी सालासकट टाकायची आणि खिडकी-दार उघडं ठेवायचं. शेजारीण जिन्यातून ओरडायची, “काय घमघमाट सुटलाय हो! काय केलंत आज?” आणि बाई आतून उत्तर द्यायच्या, “काही विशेष नाही, नेहमीचंच.” मग गॅस बंद करून बिस्किटांचा पुडा उघडायच्या.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी बाई दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या आणि दुसऱ्या मजल्यावरच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीनेच त्यांना इस्पितळात नेलं. मुलगा कुठल्याशा समुद्रात, फोन लागेना. शेवटी नंबर लागला तो नणंदेचा.

नणंद आली ती हातात पिशवी घेऊन, केस न विंचरताच. पलंगाशेजारी उभी राहून तिने वहिनीकडे पाहिलं. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी. तिने उशी नीट केली आणि स्टूल ओढून बसली.

तपासण्या झाल्या. रक्त कमी, अंगात ताकद नाही, वजन पार उतरलेलं. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाला बोलावलं. हसतमुख, शांत बोलणारी बाई होती ती. “मावशी, काल दिवसभरात काय काय खाल्लंत?” तिने विचारलं.

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. सकाळी दोन अंडी आणि पालक, दुपारी भात, फरसबी, गाजर, रात्री भाज्यांचं सूप, वर फळं. कॅन्टीनमधला पदार्थांचा फळाच त्यांनी वाचून दाखवला म्हणा ना. आहारतज्ज्ञ ऐकत राहिली. नणंद मात्र पलंगावरच्या त्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “गाजर कोणी चिरलं?”

बाईंनी मान भिंतीकडे वळवली. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “बिस्किटं खात होते.”

कोणी हसलं नाही, कोणी ‘अगंबाई’ म्हणालं नाही. आहारतज्ज्ञाने खुर्ची जवळ घेतली. म्हणाली, “चिरता येत नाही ना? मग चिरलेलं आणा. दुकानातल्या बर्फाच्या कपाटात मटार, पालक, फरसबी सगळं मिळतं, आणि ते शेतातून आल्या-आल्या गोठवलेलं असतं. डब्यात शिजलेला राजमा, चणे, मासळी मिळते. सगळंच पाकिटातलं चांगलं असं नाही. मीठ, साखर, तेल किती आहे ते बघून घ्यायचं. पण बिस्किटांपेक्षा डब्यातला राजमा तुम्हाला लाख पटीने बरा.”

“मी उभ्या जन्मात डब्यातलं खाल्लं नाही,” बाई म्हणाल्या.

“यांनी खाल्लंय,” आहारतज्ज्ञ नणंदेकडे बघून हसली. “यांची तब्येत चांगली दिसतेय.”

इस्पितळातून घरी आणल्यावर नणंदेने आपली पिशवी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखाली सारली आणि जाहीर केलं, “मी काही दिवस इथेच आहे. तुम्ही नको म्हणालात तरी.” मग तिने ओट्यावरचा वाळलेला भोपळा उचलून टाकून दिला आणि सुरी धुऊन जागेवर टांगली.

त्या संध्याकाळी बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून नणंदेचे हात बघत होत्या. नणंदेने राजम्याच्या डब्याच्या कडीखाली चमच्याचा दांडा घातला आणि खाली दाबला. टचकन झाकण उघडलं. “हे असं करायचं. बोटांनी ओढायचं नाही.” राजमा चाळणीत ओतून तिने नळाखाली खळखळून धुतला.

“धुता कशाला?”

“पाण्यात मीठ असतं, ते जातं.”

मग पातेल्यात टोमॅटोच्या सूपचं पाकीट अर्धंच रिकामं केलं, पाणी मात्र पूर्ण पाकिटाचं घातलं. त्यात राजमा गेला, गोठवलेल्या पालकाचे दोन गोळे गेले आणि शेवटी एक अंडं फोडून हलकेच सोडलं. सुरीला हात न लावता सगळं झालं, तेही चहाला लागतो तेवढ्या वेळात.

बाईंनी पहिला घोट घेतला. सवयीने जीभ टाळ्याला लावून चव तपासली. “मिरपूड हवी,” त्या म्हणाल्या.

“हा घ्या डबा, घाला.”

बाईंनी मिरपूड घातली, आणखी एक चमचा खाल्ला, आणि मग बोलायचंच विसरल्या. वाडगा रिकामा झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण पोटभर गरम जेवण जेवलोय. डोळे भरून आले. नणंद पाठमोरी उभी राहून उगाचच ओटा पुसत राहिली.

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “तुम्ही हे सगळं शिकलात कुठे?”

“शिकते कुठली! रात्रपाळी करून यायचे तेव्हा पोरी शाळेला निघालेल्या असायच्या. भाजी निवडत बसले असते तर झोपले कधी असते? आधी मीसुद्धा काय मिळेल ते आणायचे. मग थोरलीला सारखी पोटदुखी व्हायला लागली, तेव्हा दुकानात उभी राहून मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. दुकानदाराला वाटायचं, ही बाई पाकिटं घ्यायला येते का अभ्यासाला! गोड चुरमुऱ्यांसारखं ते पाकिटातलं सकाळचं खाणं बंद केलं, ओट्स आणि दही सुरू केलं. तयार तळणाचे पुडे फक्त वाढदिवसाला. बाकी मटार, कडधान्यं, मासळी, अंडी. पोरी त्याच्यावरच वाढल्या. धाकटी तर पोहण्यात बक्षिसं घेऊन यायची.”

हे सगळं त्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि बाईंना पत्ता नव्हता. त्यांनी पाहिले होते फक्त डबे. त्यांना वाटलं होतं की इथे कोणी कोणाची काळजी करत नाही. आता त्यांना दिसली ती रात्रभर जागून, दुकानाच्या दिव्याखाली डोळे बारीक करून मिठाचे आकडे वाचणारी एक आई. “माझ्या कॅन्टीनला मदतीला बारा बायका होत्या,” त्या सावकाश म्हणाल्या. “तुम्हाला कोणीच नव्हतं.”

“डबे होते ना,” नणंद म्हणाली आणि दोघी हसल्या.

बाई हिंडू-फिरू लागल्यावर नणंदेने त्यांना दुकानात नेलं. ती मोठी झाकणाची कपाटं, आतून वाफेसारखा निघणारा गारवा. बाई आधी अंग चोरून उभ्या राहिल्या. मग चष्मा चढवला. आणि एकदा चष्मा चढल्यावर कॅन्टीनच्या मोठ्या बाई परत जाग्या झाल्या. भाजीवाल्याला पूर्वी जशा फैलावर घ्यायच्या तसं त्यांनी एकेका पाकिटाला फैलावर घेतलं. एका तयार शेवयांच्या पुड्यामागचं वाचून त्या एवढ्या मोठ्याने “अरे देवा, यापेक्षा समुद्र प्यावा माणसाने!” म्हणाल्या की शेजारच्या माणसाने आपल्या हातातला तोच पुडा गुपचूप परत ठेवला. नणंदेने तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

मग फरसबीची पिशवी त्यांनी उजेडात धरली. सगळे तुकडे सारखे, एकही शीर नाही, एकही किडका नाही. “मशीन कापतं,” नणंद म्हणाली.

“मशीन कापतं, पण निवडलेलं कोणीतरी असणार. एवढं स्वच्छ निवडणं मशीनला जमत नाही. कुठेतरी पट्ट्यापाशी उभी राहून एखादी बाई निवडत असेल. तिची कंबर दुखत असेल.” बाईंनी पिशवी टोपलीत ठेवली, एखाद्याच्या घरून आलेला डबा ठेवावा तशी. “तिचं भलं होवो.”

औषधांनी सूज हळूहळू ओसरली. मुठी पुऱ्या वळत नाहीत, भोपळा अजूनही जमत नाही, पण अंडं फोडता येतं, कोथिंबीर कात्रीने कापता येते आणि मिरपूड तर येतेच. नणंद आपल्या घरी परत गेली, पण दर रविवारी दोघी एकमेकींकडे जेवतात. कधी या घरी, कधी त्या. त्या घरी बाई गेल्या की कपाट उघडतात, पण आता विचारून, आणि काय संपलंय ते बघून पुढच्या वेळी घेऊन येतात. धाकटी भाची म्हणते, “मामी आली की राजम्याला चव येते.” बाईंना हे वाक्य कॅन्टीनमध्ये मिळालेल्या कुठल्याही कौतुकापेक्षा गोड लागतं.

आजारपणाची बातमी उशिरा कळलेला मुलगा सुट्टीवर आला तेव्हा आईचं वजन भरलेलं बघून त्याचा जीव भांड्यात पडला. पण जेवायच्या वेळी फ्रीझरमधून मटारची पिशवी निघालेली पाहून तो दारातच थबकला. “आई? तू? पिशवीतले मटार?”

“बस आणि जेव,” बाई म्हणाल्या. “आत्याने शिकवलंय.”

तो जेवला, परत वाढून घेतलं, आणि मग जरा चाचरत म्हणाला, “आई, एक सांगू? रागावू नकोस. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की आम्ही हेच खातो. गोठवलेल्या भाज्या, डब्यातली कडधान्यं, डब्यातली फळं. ताजं पहिल्या काही दिवसांत संपतं. मी तुला फोनवर आपलं सांगायचो, रोज ताजी भाजी असते म्हणून.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. भरल्या अंगाचा, तुकतुकीत चेहऱ्याचा मुलगा. वर्षानुवर्षं दर्यावर, आणि आपण इकडे काळजी करत बसलो की याला नीट मिळत असेल का.

“तुमचा आचारी कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“म्हातारा आहे. कडक. भाजी नको म्हटलं की जास्त वाढतो.”

बाईंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मुलाला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं लपवलं. त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक डाव मटार वाढले. म्हणाल्या, “परत गेलास की त्याला सांग, माझ्या आईने तुमचे आभार मानलेत. आणि त्याला विचार, त्याच्या बोटांची तब्येत कशी आहे.”