आत घेतलेला निळा ड्रेस

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात मास्तर माझ्या मैत्रिणीला ‘गोदाम’ म्हणायचे. सगळे हसायचे, तीही हसायची. मला मात्र त्या माणसाचे दात घशात घालावेसे वाटायचे. ती खिडकीजवळच्या मशीनवर कॉलर बसवायची, मी शेजारी बसून काजं-बटणं करायचे. कॉलर बसवावी तर तिनंच.

तिचं शरीर लहानपणापासून थोराड. राहायची भावाकडे. भावजय खाण्याच्या डब्यांचं कपाट कुलपात ठेवायची आणि वर पाहुण्यांना ते हसत सांगायची. “मला खरंच भूक लागते गं,” ती मला म्हणायची. “जेवून उठते आणि पोटाला पत्ताच नसतो.” भाऊ म्हणायचा, “भूकबिक काही नाही, जिभेचे चोचले आहेत.”

मग एका उन्हाळ्यात ती आपोआप बारीक व्हायला लागली. कौतुकाला ऊत आला. भावजय म्हणाली, “ताई, आता कुठं माणसात आलात.” मास्तरांनी गोदाम रिकामं झाल्याचं सगळ्यांना ओरडून सांगितलं. तिला सारखी तहान लागायची, सारखी उठून मोरीकडे जायची. पाण्यानंच चरबी झडते, असं आमच्या बायकांनी ठरवून टाकलं. दोघीतिघींनी तिचं बघून मोठ्या बाटल्या आणल्या. इतक्या शहाण्या आम्ही.

तिनं आपला निळा ड्रेस दोन्ही बाजूंनी आत घेतला. आमच्या धंद्यात कपडा आत घेतला तरी शिवणीतलं जादा कापड कोणी कापत नाही. अंग पुन्हा कधी सुटेल, काय सांगावं. तिनं ते कापून टाकलं. “आता कशाला ठेवायचं?” म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुढं कॉलरी वाकड्या जायला लागल्या. सुईत दोरा जाईना. मास्तर खेकसले, “लक्ष कुठाय तुझं?” मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर बघून डॉक्टरीणबाई चिडल्या. “इतके दिवस काय करत होतात?”

“बारीक होत होते,” ती म्हणाली.

मग बाईंनी नीट समजावलं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, ती रक्तात संप्रेरकं सोडते. त्यातलं एक मेंदूला सांगतं, साठा पुरेसा आहे, आता बस. लठ्ठपणात ते भरपूर तयार होतं, पण मेंदू ते ऐकेनासा होतो आणि भूक शमत नाही. दुसरं एक इन्शुलिनला हात देतं, ते मात्र कमी पडतं. मग साखर रक्तातच साचते, आणि उपाशी राहिलेलं शरीर स्वतःलाच जाळत सुटतं. “तुमचं वजन उतरत होतं ते त्यामुळं. आता इन्शुलिनचं इंजेक्शन चुकवलंत तर डोळे जातील.”

तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे मला खरंच भूक लागत होती?”

“हो.”

ती तिथंच, खुर्चीत बसून रडली.

मी तिच्या घरी जाऊन भावाला सगळं सांगितलं. तो बायकोला म्हणाला, “ऐकलंस का, चरबी बोलते म्हणे.” दोघं पोट धरून हसले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. नजर निवळली, कॉलरी सरळ झाल्या. खाल्लेलं अंगी लागायला लागलं तसं वजनही परत आलं. निळा ड्रेस अंगात शिरेना, आणि सोडायला आत कापड नव्हतं. “सुटलात की पुन्हा,” भावजय म्हणाली. “मग त्या सुया टोचून काय मिळवलंत?” कपाटाला पुन्हा कुलूप लागलं.

परवा दुपारी तिनं सुई-दोरा माझ्यापुढं धरला. “जरा ओवून दे गं.”

मी मान वर केली. तिच्या अंगात निळा ड्रेस होता, आणि तो सैल होता. मशीनपाशी पाण्याची बाटली रिकामी पडली होती.

“इंजेक्शन घेत नाहीस तू.”

तिनं सुई-दोरा माझ्या हातात ठेवला. मग हळूच म्हणाली, “तेवढेच दिवस सगळे माझ्याशी चांगलं बोलले गं.”

“डोळे जातील तुझे.”

तेवढ्यात मास्तर मागून आले, थबकले, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, “वा, पुन्हा फरक दिसतोय हं.”

आवाज आला त्या दिशेला तोंड वळवून ती हसली.