एक ऑगस्ट, सकाळी नऊ

उमा चौबळ कर्जतची. वडील, म्हणजे तात्या, शाळेत गणित शिकवत आणि शाळेचं वेळापत्रकही तेच करत. उमा नववीत असताना आई दवाखान्याच्या बाकावर, केसपेपर निघेपर्यंत गेली. यावर घरात कुणी बोलत नसे. उमा डॉक्टर व्हायला पुण्याला गेली तेव्हाही कुणी बोललं नाही.

१९७४ साली ती इंटर्न झाली. वर्गातल्या इतरांना सर्जन व्हायचं होतं. उमाला तातडीच्या पेशंटांची कॅज्युअल्टी हवी होती. जिथून प्रत्येक डॉक्टर बाहेर पडायला बघतो तिथं तिला आत शिरायचं होतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्या विभागात इंटर्नशिपनंतरची, वर्षभराची एकच नोकरी, हाउस पोस्ट, असे, आणि आधी तिथं पंधरा दिवस काम करून दाखवलेल्यालाच ती मिळे. बाहेरच्या कॉलेजच्या इंटर्नना त्या पंधरा दिवसांसाठी अर्ज करावा लागे. उमाला पत्र आलं: एक ऑगस्ट, सकाळी नऊ वाजता हजर व्हावे, अन्यथा यादीतील पुढच्यास जागा देण्यात येईल.

त्याआधीचे महिने तात्यांनी आखून दिले. एप्रिल-मे खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीजवळच्या दवाखान्यात, कारण हायवेवर ट्रक उलटतात. जून-जुलै कशेळ्याच्या आरोग्य केंद्रात, कारण पावसाळ्यात माणसं ट्रकावाचूनही मरतात. बाकीचे इंटर्न खेड्यातलं पोस्टिंग शनिवारी येऊन सह्या करून पुरं करत, आणि त्यानं खेड्याचं आरोग्य फारसं बिघडतही नसे. उमा राहिली. एकतीस जुलैला कशेळं संपणार, दुसऱ्या दिवशी मुंबई. मध्ये एकही दिवस का नाही, असं तिनं विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले की दोन तासांच्या मध्ये मोकळी जागा राहिली की वर्गात गोंधळ होतो. बावीस वर्षांत त्यांनी ती राहू दिली नव्हती.

एक ऑगस्टला पहाटे साडेपाचच्या एसटीसाठी उमा पेटी घेऊन केंद्राच्या पायरीवर उभी होती. तेवढ्यात पोशीरच्या बाजूनं चौघांनी एक बाई खाटेवर घालून आणली. सोनुबाई तिचं नाव. रात्री पोटात दुखतंय म्हणाली, म्हणून सोडा पाजला, असं तिचा नवरा सखा सांगत होता. आता तिच्या पापण्या उघडत नव्हत्या, शब्द उमटत नव्हता. अंगावर कुठंही खूण नव्हती. जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बहुधा नसतेच.

केंद्राचे डॉक्टर जीप घेऊन नसबंदीच्या कॅम्पला गेले होते. राहिला मलमपट्टी करणारा ड्रेसर चांगो.

"बाय, तुमची सई काल झाली," तो म्हणाला. "तुमी सुटलात. ती बगा, गाडी लागली."

"डॉक्टर कधी येतील?"

"क्याम्प आटपला की. अकरा तरी वाजतील."

एसटी दोन मिनिटं थांबली, तिच्या मानानं बरीच. उमानं पेटी उचलून आत नेली.

सापाच्या विषावरची लस होती; ती दिली. तरी सातच्या सुमाराला सोनुबाईचा श्वास थांबला. तोंडावर मास्क धरून हातानं दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी केंद्रात एक होती, पण कपाटात, कुलपात. तपासणीच्या वेळी ती नवी दिसावी म्हणून कधी बाहेर काढली नव्हती, आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती. उमानं तोंडानं श्वास देणं सुरू केलं. चांगोनं दगडानं कुलूप फोडलं. त्याबद्दल पुढं त्याच्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला.

मग उमा, चांगो, सखा, पाळीपाळीनं. सखानं दाबता दाबता विचारलं,

"बाय, ही जित्ती हाय ना?"

"तुम्ही दाबताय तोवर आहे."

तिला हलता येत नाही पण ऐकू येतंय, बोलत राहा, असं उमानं त्याला सांगितलं.  कुठल्या खाचरात किती लावणी राहिलीय ते तो बायकोला सांगत बसला. चार तास.

अकराला जीप आली. डॉक्टर काही म्हणायच्या आत खाट तिच्यात चढली होती. मुंबईपर्यंत पिशवी थांबली नाही. साडेतीनला उमा त्याच इस्पितळाच्या, त्याच कॅज्युअल्टीत पोचली. एका इंटर्ननं तिच्या हातातून पिशवी घेतली. "सोडा आता. मी धरलीय."

सोनुबाईला श्वास देणारं मशीन मिळालं. ते विभागप्रमुखांनी स्वतः दुसऱ्या वॉर्डातून ओढून आणलं. मग त्यांनी उमाला नाव विचारलं आणि हजेरीचं पुस्तक उघडलं. तिच्या नावावर लाल रेघ होती. खाली त्याच इंटर्नचं नाव होतं.

"केस तू उत्तम सांभाळलीस," ते म्हणाले. "पण जागा सव्वानऊला भरली."

सोनुबाई अकराव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली.

डिसेंबरात हाउस पोस्टची मुलाखत झाली. समोर तेच विभागप्रमुख आणि आणखी दोघं. त्या दोघांतल्या एकानं फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, इथं काम केलंय का.

"एकदा आले होते. पेशंट घेऊन."

"तसं नाही. पोस्टिंग."

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत होते. उमानं एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

उत्तर खरं होतं, आणि विचारणाऱ्यानं ते लिहून घेतलं. जागा दुसऱ्याला गेली. जानेवारीत उमानं कशेळ्याच्या बाजारात दवाखान्यासाठी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आत शिरल्याशिरल्या बाक नव्हता, तपासायची खाट होती. नाव-गाव ती नंतर विचारी.