कौसल्याच्या टर्कीचं पिल्लू

धावड्याच्या कौसल्याला खोटं बोलता येत नाही. हा तिचा गुण आहे असं कुणी कधी म्हटलं नाही, उलट त्यापायी चार घरांशी तिचं बोलणं बंद झालं. नवरा सोडून गेला तेव्हा सासरचे म्हणाले, कामाला सुरतेला गेलाय म्हणून सांग. हिनं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "टाकून गेला." आता शिलाई मशीन, दोन शेळ्या आणि भावानं जाफराबादच्या बाजारातून आणलेली एक टर्की, एवढाच तिचा संसार.

टर्की अगदी लहानपणीच आणलेली. तिनं नर कधी पाहिलाच नव्हता. अंगणातल्या जाळीत एकटी राही, तरी अंडी घाली आणि खुडूक होऊन त्यांवर बसे. शेजारच्या गोजरबाई दर वेळी म्हणत, "वांझ अंडी हायेत. कशाला बसवून राह्यली? पोळी करून खा." यंदा कौसल्याला तिची दया आली, तिनं अंडी काढलीच नाहीत. आणि एका अंड्यातून पिल्लू निघालं.

दुसऱ्याच दिवशी सर्जेराव दारात हजर. गावात टर्कीचा नर फक्त त्यांच्याकडे, आणि ज्याचा नर त्याला पहिलं पिल्लू, ही जुनी रीत.

"माझी जाळीभाईर गेलीच न्हाई, भाऊ."

"मंग पिल्लू काय आभाळातून पडलं?"

गल्ली हसली. कौसल्याचा संताप संताप झाला. रीत तिला मान्य होती, पण जे घडलंच नाही ते कसं मान्य करायचं? ती भोकरदनला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "टर्कीत होतं असं, क्वचित. नराशिवायच अंडं जीव धरतं. पण ते पिल्लू नरच निघणार."

"मंग गावात येऊन सांगता का?"

"मला वेड्यात काढतील, बाई."

"मला काढलंच हाये की," ती म्हणाली आणि जीपनं परत आली.

पिल्लू मोठं झालं. नरच निघालं! कौसल्या ते घेऊन थेट पारावर गेली, डॉक्टरांचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. सर्जेरावांनी मांडीवर थाप मारली. "नर ना? बराबर! बापावर गेला!"

डोकं आपटून घ्यावं असं तिला झालं. मग सर्जेरावांनी मोठेपणा दाखवला. "ठेव तूच. फक्त एवढं म्हण, माझा नर आल्ता."

"म्हण ना बाई, काय जातं तुझं?" गोजरबाईंनी कोपर मारलं.

कौसल्यानं पिल्लू उचलून सर्जेरावांच्या हातात दिलं. "न्या. पण खोटं म्हणनार न्हाई." आणि ती घराकडे वळली.

मागून कुणीतरी म्हणालं, "दिलं की! म्हंजे कबूल झाली."

ती तशीच उलटी फिरली. सर्जेरावांच्या हातातून पिल्लू हिसकावलं. "त्याला बाप न्हाई," ती सगळ्या पाराला ऐकू जाईल असं ओरडली, "नव्हताच!"

घरापर्यंत ते तिच्या मनगटावर चोच मारत राहिलं, पण तिनं त्याला खाली ठेवलं नाही.